पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग

तीस वर्षांखालच्या माणसाला मी माझ्या गिटार क्लासात घेत नाही. दारावर तशी पाटीच आहे. लोकांना वाटतं, मास्तर विक्षिप्त आहे. विक्षिप्त मी आहेच, पण पाटीचं कारण ते नाही. पोरं चार महिन्यांत मला न विचारता पुढे निघून जातात आणि मागे मी आणि त्यांचे आईबाप उरतो. आईबापांना माझ्याशी काही बोलायचं नसतं. मोठी माणसं मात्र कुठे जात नाहीत. दोन-दोन वर्षं एकाच जागी अडकून बसतात, त्यामुळे ओळख चांगली होते.

गोंदियाच्या बाजारात सायकलच्या दुकानावर एक खोली आहे, वर टिनाचं छत. तिथे अठरा वर्षं हा क्लास चालू आहे. त्याआधी मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. डीजे आले, ऑर्केस्ट्रा गेला. त्याबद्दल जेवढं रडायचं तेवढं तेव्हाच रडून घेतलं. आता चौसष्ट वर्षांचा आहे आणि रोज संध्याकाळी पाच ते आठ चाळिशी-पन्नाशीच्या लोकांची बोटं धरून तारांवर ठेवतो.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. गिटारीत डाव्या हाताने तारा दाबायच्या आणि उजव्याने वाजवायच्या. तीन-चार तारा ठरलेल्या जागी एकदम दाबल्या की त्याला कॉर्ड म्हणतात. एका कॉर्डवरून दुसऱ्यावर वेळेत पोचायचं, एवढंच शिक्षण. बाकी सगळं सजावट. पण तारा लोखंडी असतात. पहिला महिनाभर बोटांची टोकं सोलून निघतात, मग तिथे घट्टे पडतात आणि दुखायचं थांबतं. घट्टे पडायच्या आधीच निम्मे लोक पळतात. पोराला दुखलं तर ते बोंबलतं आणि वाजवत राहतं. पन्नाशीच्या माणसाला दुखलं की तो विचार करतो. गिटार मांडीवर आडवी ठेवून, खिडकीबाहेर बघत, "हे मी कायले करून राहिलो?" असं तो मनाशी म्हणाला, की तो गेलाच म्हणून समजा.

अशा माणसाला धरून ठेवायला गोड बोलावं लागतं, असं लोक म्हणतात. मला ते जमत नाही. चांगलं नसेल तर मी चांगलं म्हणत नाही, आणि चांगलं असेल तरी जपूनच म्हणतो. एक कापडाचे व्यापारी येत असत, हिंदी बोलणारे, फार मोकळा माणूस. एक अख्खं गाणं वाजवून घामाघूम झाले आणि म्हणाले, "मास्टरजी, कैसा लगा? सच बोलना."

मी म्हणालो, "गिटार सुरात लावली होती. ते चांगलं होतं."

"वो तो आपने लगाई थी!"

"म्हणूनच म्हणालो."

ते खो खो हसले आणि पुढे चार वर्षं आले. सगळेच असे हसत नाहीत. एक बाई रडत जिना उतरल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांचा हात चांगला होता. तेव्हा हे बोलायला हवं होतं, बोललो नाही. ते अजून मनात आहे.

त्या बाई गेल्यानंतर मी एक उपाय काढला. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी तो जे काही खुडखुड वाजवेल ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचं. सहा-आठ महिन्यांनी तो "सोडतो" म्हणाला की ते ऐकवायचं. मला काही बोलावंच लागत नाही. माणूस आपलाच पहिला दिवस ऐकतो, कपाळाला हात लावतो, हसतो आणि पुढच्या आठवड्यात येतो. नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांना घेऊन फिरणारा एक गाईड माझ्याकडे शिकत होता. जन्मभर जनावर बुजू नये म्हणून दबकत राहिलेला माणूस, तारेलासुद्धा जोरात हात लावेना. आठ महिन्यांनी त्याला पहिलं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात फक्त पंख्याचा आवाज होता.

"मी कुठी आहो यात?" त्याने विचारलं.

"तुम्ही वाजवून राहिले आहात."

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आता ऐकू तरी येते." आणि राहिला. या उपायात खोटं काही नाही, याचा मला फार अभिमान होता.

आता डुलीचंदभाऊंकडे येतो. खरं तर त्यांच्यासाठीच हे लिहायला बसलो.

डुलीचंदभाऊ आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडचे, पवार समाजाचे, धानाचे शेतकरी, वय बावन्न. पौषातल्या एका सकाळी कडक थंडीत मफलर बांधून जिना चढून आले. दारातूनच म्हणाले, "मास्तर, मले मंडईपर्यंत गिटार आली पाह्यजे."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी लेकी, जावई, व्याही, झाडून सगळे पाहुणे गावात येतात. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक. डुलीचंदभाऊ गावच्या मंडई कमिटीत होते आणि आभार मानायचं काम दरवर्षी त्यांच्याकडे असायचं. त्या वर्षी बाहेरून आलेल्या पार्टीतला एक गिटारवाला खूप टाळ्या घेऊन गेला. आभाराच्या भरात भाऊ माईकवर बोलून बसले की पुढच्या वर्षी गिटारवाला बाहेरून आणायची गरज नाही, मीच वाजवतो.

"काऊन बोलले?" मी विचारलं.

"तोंडातून निंगालं."

"मग विसरून जा. लोक विसरतात."

"आमच्या गावचे नाही विसरत जी," ते म्हणाले आणि मग खरी गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वी याच माईकवर त्यांनी खर्रा सोडल्याचं जाहीर केलं होतं. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा आणि तोंडात ठेवायचा. विदर्भातला माणूस जेवणावाचून राहील, खर्र्यावाचून राहायचा नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ पानठेल्यामागे खर्रा घोटताना सापडले. तेव्हापासून गावात त्यांचं नाव 'खर्रा सोडलेले भाऊ' असं पडलं. नातू झाला तरी नाव गेलं नाही. लेकीच्या सासरीसुद्धा पोचलं.

"एकडाव झालं त लोक हासले," ते म्हणाले. "दुसऱ्या डाव झालं त मी माईक हाती नाही धरू शकत, मास्तर. व्याही येतेत, पोरगी येते. तिनं फोनवर एकच म्हटलं, बाबा, या टायमाले खरं करा."

त्यांचं पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी नियमाप्रमाणे केलं. त्यात एक तार आठ वेळा वाजते आणि नवव्या वेळी गिटार मांडीवरून घसरते.

एक मात्र झालं. त्यांचा उजवा हात पहिल्या दिवसापासून तयार होता. वरखाली, वरखाली, एका लयीत, न थकता. लोकांना हे यायला सहा महिने लागतात. मी विचारलं, आधी काही वाजवत होता का? ते लाजले आणि खिशातली पन्नी दाखवली. तीस वर्षं खर्रा घोटून हात बसला होता. मी या सवयीचं समर्थन करत नाही, पण जे आहे ते आहे.

डाव्या हाताची गोष्ट मात्र वेगळी होती. नांगर, फावडं, ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरलेली जाड बोटं एका तारेवर ठेवली की शेजारच्या दोन झाकायची. मी त्यांच्यासाठी एक गाणं निवडलं. पवारांच्या लग्नात बाया हळद लावताना म्हणतात तसलं, लहानपणापासून त्यांच्या कानात असलेलं. ते तीन कॉर्डांत बसवलं. परतीची गाडी मिळावी म्हणून दर गुरुवारी ते एसटीने दुपारीच यायचे. माझं एकच पालुपद: "घाई नका करू. आधी बोट लावा, मग वाजवा. कोणी कुठे जात नाही." घरी ते गोठ्यात बसून सराव करत, कारण घरात वहिनींनी मनाई केली होती. मग म्हैस पान्हा चोरते म्हणून गोठ्यातूनही उठवलं. शेवटी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये त्यांची कायमची सोय झाली. ट्रॅक्टरने तक्रार केली नाही.

ज्येष्ठापर्यंत घट्टे छान पडले. पहिल्या दोन कॉर्डांमधला बदल अधूनमधून वेळेत होऊ लागला. मला वाटलं, होईल.

आणि मग रोवणी आली, म्हणजे धानाची लावणी. अठरा वर्षं धानाच्या जिल्ह्यात हा धंदा करतो आहे, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ऑर्केस्ट्रावाला माणूस, चिखलाशी माझा संबंध कुठला. रोवणीला माणसं कमी पडली म्हणून भाऊ स्वतः बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतात, उतरले. तीन आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात चिखलात, परे, म्हणजे रोपं, उपटून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या. श्रावणात परत आले तेव्हा बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि घट्ट्यांची साल उकलून निघाली होती. सहा महिन्यांची कमाई बांधीत विरघळली. बोटं तारेला लागली की ते डोळे मिटून घेत.

त्या गुरुवारी पाऊस मरणाचा होता. टिनावर असा आदळत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. बदल नेमका कुठे अडतो ते त्यांना नंतर ऐकवावं म्हणून मी मोबाईल त्यांच्या गुडघ्याजवळ धरून रेकॉर्ड केलं. ऐकवायचं तेवढं राहून गेलं.

पुढच्या गुरुवारी उघाड होती. भाऊ आले ते गिटार पिशवीतून काढेनातच. पिशवीवर हात ठेवून बसले.

"मास्तर, जमून नाही राहिलं. मंडईले अडीच महिने राह्यले. कमिटीवाल्याइले सांगून देतो का माह्या हाताले लागलं म्हणून."

"हाताला लागलं आहे का?"

"नाही जी. पन सांगतो."

मी म्हणालो, "थांबा. आधी तुमचा पहिला दिवस ऐका." मोबाईल काढला, त्यांच्या नावावर बोट ठेवलं आणि आवाज वाढवून टेबलावर ठेवला.

ते मान खाली घालून ऐकू लागले. खरखर, घरघर, मधेच एक बरा सूर, मग थांबणं, मग पुन्हा पहिल्यापासून. मला ते ऐकताना काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. पहिल्या दिवशी यांना कॉर्ड कुठून आले? मी मोबाईलकडे पाहिलं. त्यांच्या नावावर दोन रेकॉर्डिंग होती आणि मी दुसरं लावलं होतं. हे त्यांच्या पहिल्या दिवसाचं नव्हतंच, मागच्याच गुरुवारचं होतं.

बंद करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात भाऊंनी मान वर केली. हसत होते.

"असा वाजवत होतो मी?"

मी हात मागे घेतला.

"बापरे! कसं ऐकून घेतलं जी तुम्ही? आता त इतका खराब नाही वाजवत ना मी?"

माझी सगळी अक्कल त्या वेळी जिना उतरून गेली. खरं सांगितलं असतं तर तो माणूस तिथेच उठला असता. त्या रडत गेलेल्या बाई डोळ्यांसमोर आल्या. मी म्हणालो, "नाही. आता बराच फरक आहे."

अठरा वर्षांत क्लासात बोललेलं हे माझं पहिलं खोटं. भाऊ क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग "असं?" म्हणाले, पिशवीची चेन उघडली आणि गिटार काढली.

त्यानंतर त्या माणसाने असा सराव केला की मलाच धडकी भरली. सकाळी एक तास, संध्याकाळी दोन. भाद्रपदात घट्टे पुन्हा पडले, आधीपेक्षा जाड. मी मात्र दर गुरुवारी चोरासारखा बसायचो. तो माणूस जिथून पुढे आलो असं समजतो आहे, तिथेच अजून बसला होता, आणि हे मला एकट्याला माहीत. उद्या गावासमोर फजिती झाली तर ती माझ्यामुळे. दिवाळीत दोनदा फोन उचलला, खरं सांगायला. दोनदा ठेवला.

मंडईला मी गेलो. न जाऊन सांगतो कुणाला. दुपारी चारला दंडार संपली. स्टेजवर प्लास्टिकची खुर्ची आणि दोन माईक ठेवले. समोर अर्ध्या मैदानात माणसं. पहिल्या रांगेत व्याही मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या मागे भाऊंची लेक, पदराचं टोक दोन्ही मुठींत आवळून. सूत्रसंचालकाने घोषणा केली, "आता आपले खर्रा सोडलेले भाऊ..." आणि पुढचं हसण्यात बुडालं.

भाऊ बसले. उजवा हात सुरू झाला. तो हात काय हो! पहिल्या ओळीतच समोरच्या बायांनी गाणं ओळखलं आणि म्हणायला लागल्या. पहिला कॉर्ड, दुसरा कॉर्ड. तिसऱ्याला अडले.

हात थांबला. गाणं थांबलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. सूत्रसंचालक टाळ्या वाजवत पुढे आला, म्हणजे इथेच गुंडाळून टाकू. भाऊंनी डाव्या हाताकडे बघतच माईकवर सांगितलं, "थांबा जी. बोट लावून राह्यलो. कोणी कुठी जाऊन नाही राह्यलं."

आणि एक बोट लावलं. मग दुसरं. मग तिसरं. तेवढा वेळ सगळं मैदान त्या बोटांकडे बघत होतं. मग वाजवलं, आणि बरोबर वाजलं.

दुसऱ्या कडव्यात ते पुन्हा तिथेच अडले. पण या वेळी पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने ओळीचा शेवटचा सूर सोडलाच नाही, धरून ठेवला. बाकीच्या बायांनीही धरला. हळदीला नवरी उशिरा आली तर बाया तसंच करतात म्हणे, ती पाटावर बसेपर्यंत ओळ ओढत राहतात. भाऊंची तिन्ही बोटं जागेवर बसली, तेव्हा त्यांनी सूर सोडला आणि सगळे मिळून पुढे गेले. पाच कडव्यांत हे चार वेळा झालं. गाणं संपलं तेव्हा भाऊ उठून उभे राहिले आणि लेकीकडे बघून एकदाच मान हलवली. ती रडत होती. मीही रडत होतो. मैदानात धूळ होती असं म्हणता आलं असतं, पण आता एका खोट्यावर दुसरं नको.

पुढच्या गुरुवारी भाऊ डब्यात करंज्या घेऊन आले. मी ठरवूनच बसलो होतो. "भाऊ, एक सांगायचं आहे. श्रावणात तुम्हाला जे ऐकवलं ना..."

"ते पयल्या दिवसाचं नव्हतं," ते म्हणाले. "करंजी खा."

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली.

"त्यात टिनावर पानी पडून राहिलं होतं, मास्तर. मी त पौषात आलो होतो. मफलर बांधून. तवा एक थेंब नव्हता. धानवाला आहो मी, पानी कवा आलं ते मले नाही समजत का?"

"मग तेव्हाच बोलले का नाही?"

"तुमचं तोंड पाह्यलं ना." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "कोनाले कधी चांगलं न म्हननारा मानूस माह्यासाठी खोटं बोलून राहिला. मी म्हटलं, आपली हालत लयच खराब असन. घरी जाऊन चुपचाप बसलो शेडात."

मी करंजी तोंडात टाकली. भाऊंनीच विषय बदलला. म्हणाले, "आता ते खरं पयलं लावा बरं."

लावलं. एक तार आठ वेळा वाजली. त्यावर माझा आवाज: घाई नका करू, आधी बोट लावा, कोणी कुठे जात नाही. मग गिटार घसरून पडल्याचा धाडकन आवाज. भाऊ मन लावून ऐकत होते. संपल्यावर पावसाचं लावा म्हणाले. तेही ऐकलं.

"खरं सांगा मास्तर. दोन्हीत काही फरक होता?"

"फार नाही."

"हं." त्यांनी गिटार घेतली आणि मंडईतलं गाणं पहिल्यापासून वाजवायला घेतलं. तिसऱ्या कॉर्डला अडले. थांबले, बोटं लावली, पुढे गेले. शेवटपर्यंत वाजवलं. मग गिटार मांडीवर आडवी ठेवून त्यांनी विचारलं, "आन आता?"

"आता आहे," मी म्हणालो. "चांगला फरक आहे."

भाऊंनी मान वर करून टिनाकडे पाहिलं. मग उठले, खिडकीशी गेले, हात बाहेर काढला आणि थेंब पडतो का म्हणून उलटासुलटा करून बघितला. बाहेर कार्तिकातलं कोरडं ठणठणीत ऊन होतं.

"मंग ठीक आहे," म्हणाले आणि येऊन बसले.